सात बाय पाच फुटांचे न्हाणीघर : जुने किती ठेवावे आणि नवे किती घ्यावे?

परसातली विहीर (धागाकर्ती)

नमस्कार. फोंडा तालुक्यात बोरी येथे आमचे चिरेबंदी घर आहे. मागील दारचे न्हाणीघर सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असून ते पाऊस लागण्यापूर्वी नव्याने करून घ्यावयाचे आहे. माझी आई 76 वर्षांची आहे. सध्या संडास परसात वेगळा आहे आणि पावसाळ्यात रात्री तिला छत्री व बॅटरी घेऊन तिथवर जावे लागते. गेल्या जुलैत ती एकदा पायरीवरून घसरली, तेव्हापासून मला हे सहन होत नाही. म्हणून याच जागेत कमोड, बेसिन आणि आंघोळीची सोय करायची आहे.

आता माझी अडचण सांगते. मधल्या खोलीची जमीन खचली तेव्हा काढलेल्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या मी जपून ठेवल्या आहेत. त्या आठ इंची चौरस आहेत आणि चार लाद्या जुळल्या की मध्ये एक विटकरी फूल तयार होते. त्यांपैकी 46 शाबूत आहेत आणि त्या मला न्हाणीघराच्या जमिनीवर हव्या आहेत. त्याशिवाय आजीच्या वेळचे, पाणी तापवायचे तांब्याचे भाण आहे, शिंपल्यांच्या तावदानांची एक जनेलाची (खिडकीची) जोडी आहे आणि सागवानी चौकटीतला आजोबांचा आरसा आहे. माझे मत असे की ज्यातून पाणी वाहते ते सगळे नवे असावे, आणि डोळ्यांना व हातांना जे लागते त्यात जुने असावे. गवंडी म्हणतो की लाद्या भिंतीला लावाव्यात, आणि भाऊ म्हणतो की जुने काहीच नको. आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

चिरा आणि चुना

ताई, लाद्यांचा विचार नंतर करा, आधी भिंतींकडे पाहा. जुन्या घरांच्या चिऱ्यांच्या भिंती ओल शोषून घेतात आणि कोरड्या दिवसांत ती बाहेर टाकतात, कारण मूळ गिलावा चुन्याचा असतो. आतून सिमेंटचा घट्ट गिलावा आणि त्यावर छतापर्यंत टाइल लावल्या की आतल्या बाजूने ओलीची वाट बंद होते. मग ती शेजारच्या खोलीच्या भिंतीतून बाहेर पडते, तिथे लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. आमच्या केप्याच्या घरात हेच झाले. न्हाणीघर चकचकीत झाले आणि पलीकडचे देवघर दोन पावसांत खराब झाले.

म्हणून माझा सल्ला असा की आंघोळीच्या बाजूला सात फुटांपर्यंत, बाकीकडे चार फुटांपर्यंतच टाइल लावाव्यात आणि वरच्या भागाला चुन्याचा गिलावा व चुन्याचाच रंग द्यावा. जुन्या घराचे रूप त्यातून आपोआप येते, त्यासाठी वेगळी सजावट करावी लागत नाही. आणखी एक गोष्ट अशी की कौलांचा भार याच भिंतींवर असल्यामुळे पाईप लपवण्यासाठी त्यांत आडव्या खोल खाचा मारू देऊ नका.

मळ्यातला जिना

मी पणजीत मळ्यात राहते आणि आपण जी चूक करण्याच्या बेतात आहात ती मी 2019 मध्ये केली आहे, म्हणून लिहिते. अशाच लाद्या मी शॉवरखाली जमिनीवर बसवल्या होत्या. पहिले चार महिने घरी येणारा प्रत्येक जण त्यांचे कौतुक करत होता. नंतर साबणाच्या पाण्याने त्या पांढुरक्या दिसू लागल्या, आणि एके दिवशी डाग घालवण्यासाठी कोणीतरी त्यांवर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. मी पोहोचेपर्यंत फेस निवला होता आणि फुलाच्या दोन पाकळ्या कायमच्या पुसल्या गेल्या होत्या. हात लावला तर तो भाग खरखरीत लागत होता. आजही लागतो.

या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, मागे सिमेंट-रेतीचा थर देऊन त्या दाबाखाली बनवतात आणि मग पाण्यात मुरवतात. वरचा रंगाचा थर अवघा काही मिलिमीटरचा असतो. ॲसिड सिमेंटलाच खाते, त्यामुळे तो थर गेला की नक्षी गेली. लाद्या कोरड्या बाजूला बसवा आणि घरातून ॲसिडची बाटली काढून टाका.

नळजोडणी

मी गेली बावीस वर्षे म्हापसा आणि परिसरात हीच कामे करतो. धागाकर्तीचे सूत्र मला पटले, मात्र त्यात क्रम महत्त्वाचा आहे. लाद्यांची नक्षी ठरवण्याआधी खालील गोष्टी ठरल्या पाहिजेत.

जमीन पूर्ण उकरून जुनी मोरी काढावी लागेल. नंतर कोबा, त्यावर पॉलिमरमिश्रित सिमेंटचा जलरोधक लेप दोन हातांत, आणि तो लेप भिंतीवर किमान एक फूट, आंघोळीच्या बाजूला सहा फूट वर न्यावा. कोपऱ्यात, जिथे जमीन व भिंत मिळतात, तिथे काटकोन न ठेवता गोलाई द्यावी, कारण लेप फाटतो तो तिथेच. लेप वाळल्यावर ट्रॅपचे (जमिनीतले पाणी जिथून वाहून जाते त्या भांड्याचे) तोंड बांधून दोन इंच पाणी भरावे आणि 48 तास तसेच ठेवावे. ही चाचणी झाल्याशिवाय एकही टाइल बसवू देऊ नये. बहुतेक गवंडी घाई करतात, त्यामुळे मालकाने स्वतः उभे राहावे.

उतार मीटरला 12 मिलिमीटर पुरे. ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर पाणी उभे राहील असा घ्यावा, म्हणजे वास आणि झुरळे दोन्ही अडतात. त्या ट्रॅपला आम्ही सगळे नहाणी ट्रॅप म्हणतो, दुकानातही याच नावाने मिळतो. आजीच्या न्हाणीचे नाव प्लंबिंगच्या सामानात आजही टिकून आहे, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

पाईप गरम-थंड दोन्हींसाठी सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) घ्या. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आतून गंजलेले असतील, ते ठेवू नका. कमोडबद्दल सांगायचे तर जमिनीवर बसणारा स्वस्त पडतो, पण तुमच्या लाद्यांसाठी भिंतीवर टांगलेला जास्त चांगला, कारण त्याच्याखाली नक्षी अखंड राहते. त्याची लोखंडी चौकट चिऱ्यांच्या भिंतीत न खोदता भिंतीपुढे उभी करून सात इंच रुंदीची, चार फूट उंचीची अर्धी भिंत बांधा. टाकी आणि पाईप त्यात झाकले जातात, आणि वर एक फळी मिळते.

शिरोड्याची वाट

सर्वांचा आदर राखून मी वेगळे मत मांडतो. 76 वर्षांच्या आईसाठी न्हाणीघर बांधताना पहिला, दुसरा आणि तिसरा विचार तिच्या पायाचा व्हायला हवा. आमच्या घरी वडिलांना न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतर ते पुन्हा पूर्वीसारखे चालू शकले नाहीत. जमीन तांबड्या कोब्याची होती, वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत झालेली, दिसायला अतिशय सुंदर. ते सौंदर्य मला आता पाहवत नाही.

जुन्या लाद्याही पायाखाली झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. त्यांना दिवाणखान्यात जागा द्या. आंघोळीच्या जागी खरखरीत, घसरण रोखणाऱ्या लहान टाइल लावा, भिंतीला धरायचे दांडे लावा, उंबरठा ठेवू नका, आणि दरवाजा बाहेर उघडणारा करा. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार पडलेल्या माणसालाच अडते, आणि त्या वेळी एकेक क्षण मोठा वाटतो. ही गोष्ट अनुभवाने लिहीत आहे.

परसातली विहीर

शिरोड्याची वाट, आपण लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "त्यांना सांग, दार बाहेरच उघडेल." दार, दांडे आणि उंबरठा या तिन्ही गोष्टी आपण म्हणता तशाच होतील.

लाद्यांबद्दल मात्र मी अजून आशा सोडलेली नाही. खोलीचे दोन भाग करता येतील का? दार पाच फुटांच्या भिंतीत आहे. दाराकडचे चार फूट कोरडे आणि पलीकडचे, झरोक्याखालचे तीन फूट आंघोळीचे, असा माझा विचार आहे. कोरड्या भागात तरी या लाद्या बसवता येतील, असे वाटते.

पाटी-पेन्सिल

हिशेब करून पाहिला. आठ इंची एक लादी म्हणजे 64 चौरस इंच, त्यामुळे 46 लाद्यांत साधारण साडेवीस चौरस फूट भरतात. कोरडा भाग चार बाय पाच, म्हणजे वीस चौरस फूट. कागदावर लाद्या पुरतात, पण प्रत्यक्षात पाच फुटांत साडेसात लाद्या बसतात, म्हणजे एक पूर्ण ओळ अर्धी कापावी लागेल आणि फुले मध्येच तुटतील.

त्याऐवजी असे करावे. भिंतीपुढच्या चौकटीला सात इंच गेले की पाच फुटांतले 53 इंच उरतात. त्यात सहा बाय सहा, अशा 36 लाद्यांचा चार फुटांचा चौरस बसवा. नऊ फुले पूर्ण येतील आणि एकही लादी कापावी लागणार नाही. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांची पट्टी उरेल, ती साध्या विटकरी रंगाची ठेवावी. लाद्या जाजम अंथरल्यासारख्या दिसतील आणि हाताशी दहा लाद्या शिल्लक राहतील. पुढे एखादी तडकली तर अशीच लादी बाजारात मिळणार नाही, म्हणून शिल्लक फार मोलाची आहे.

नळजोडणी

पाटी-पेन्सिल यांचा आराखडा उत्तम आहे. त्यात फक्त जाडीचा मुद्दा जोडतो. जुनी लादी साधारण 20 मिलिमीटर जाड असते आणि नवी टाइल 9 ते 10. खालचा थर दोन्हींसाठी वेगळ्या उंचीचा घेतला नाही, तर मध्ये बोटभर पायरी होते आणि नेमकी तिथेच ठेच लागते. दोन्हींचे माथे सांध्यावर एका पातळीत आणून तिथून पुढे उतार सुरू करावा. तीन फुटांत 11 मिलिमीटर उतार मिळतो, तेवढा पुरतो. पाणी कोरड्या भागाकडे उडू नये म्हणून 8 मिलिमीटर जाडीच्या टफन्ड काचेचा एक स्थिर पडदा लावावा. त्याला दार नको.

लाद्या बसवताना वरून हातोडी मारू देऊ नये, हाताने दाबून बसवाव्यात. सांधे भरण्यापूर्वी सीलरचा (पाणी मुरू न देणाऱ्या द्रवाचा) एक हात द्यावा, नाहीतर सांध्यांत भरायचे रंगीत ग्राउट लादीत मुरून डाग पडतो. सीलर लागला की नाही हे पाहायला पाण्याचे चार थेंब टाका. थेंब गोल राहिला तर ठीक, पसरून काळा डाग झाला तर आणखी एक हात.

मांडवीपार

भिंतीसाठी आझुलेजूचा विचार केला आहे का? पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या रंगाच्या चित्रलाद्यांच्या भिंती आहेत. जोर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराच्या त्या 1935 मधल्या आहेत आणि एवढ्या पावसाळ्यांनंतरही त्यांचा निळा रंग टवटवीत आहे. आझुलेजू ही चिनीमातीसारखी भाजलेली, वर काचेरी लेप दिलेली लादी असते, त्यामुळे पाण्याचे व साबणाचे भय नाही. गोव्यात आजही हाताने रंगवून देणारे कारागीर आहेत. बेसिनच्या मागे सहा-आठ लाद्यांची एक चौकट पुरेल.

चिरा आणि चुना

मांडवीपार यांची माहिती मोलाची आहे, तरीही इथे माझा विरोध आहे. बोरीच्या त्या घरात आझुलेजू कधी नव्हत्या. विटकरी फुलांची जमीन, शिंपल्यांचे जनेल आणि आणखी निळी भिंत, एवढे सगळे पस्तीस चौरस फुटांत आले की एकही गोष्ट नीट दिसणार नाही. भिंती साध्या पांढऱ्या राहू द्याव्यात.

मांडवीपार

पस्तीस चौरस फुटांचा मुद्दा मान्य आहे. सूचना मागे घेतो.

हळदोण्याची फेरी

भाणाचे बेसिन करा. बुडाला भोक पाडून वेस्ट कपलिंग (पाणी सोडायची जोडणी) बसवायचे आणि ते लाकडी ओट्यावर ठेवायचे. मी एका घरात पाहिले आहे, फार शोभून दिसते.

मळ्यातला जिना

कृपया असे करू नका. एकदा भोक पडले की ते भाण राहत नाही. शिवाय टूथपेस्ट आणि साबण यांमुळे तांब्यावर रोज डाग पडतात, आणि बेसिन म्हणून ते रोज घासावे लागते. बेसिनसाठी भिंतीवर बसणारे सोळा इंची पांढरे चिनीमातीचे घ्या. जुन्या धर्तीचा गोल काठ असलेले आजही मिळते.

खाजनातला बांध

शिंपल्यांच्या तावदानांविषयी लिहितो, कारण आमच्या घरी ती अजून वापरात आहेत. न्हाणीघराच्या झरोक्याला यांच्याइतके योग्य दुसरे काही नाही. उजेड दुधासारखा मऊ येतो आणि बाहेरून आतले दिसत नाही. ती शिंपली पाण्याने बिघडत नाही, बिघडतात त्या लाकडी पट्ट्या, ज्यांच्या खाचांत ती सरकवलेली असते. जोडी झरोक्याला लावण्यापूर्वी मेस्ताकडून (सुताराकडून) सगळ्या पट्ट्या तपासून घ्या, वाळवी लागलेल्या बदला आणि जवसाचे तेल पाजा. एखादे तावदान फुटले तर दुसऱ्या जुन्या खिडकीतलेच शोधावे, कारण ही शिंपली वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

मात्र जनेल बंद असताना वाफ बाहेर जायला वाट हवी. वरच्या कोपऱ्यात सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवा. नाहीतर आजोबांच्या आरशाचा पारा दोन वर्षांत कडेने काळा पडेल. आरसा कोरड्या बाजूला, भिंतीपासून इंचभर पुढे टांगावा, म्हणजे चिऱ्यातली ओल त्याच्या पाठीला लागत नाही.

शिरोड्याची वाट

विजेचा उल्लेख अजून कोणी केला नाही. जुन्या घरांत अर्थिंग अनेकदा नावापुरते असते. गिझर बसवण्यापूर्वी ते तपासून घ्या, 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लावा आणि गिझरचा स्विच न्हाणीघराच्या बाहेर ठेवा. धरायचे दांडे चिऱ्यात साध्या खिळ्यांनी टिकत नाहीत, त्यासाठी रासायनिक अँकर (भोकात चिकट रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) वापरावा लागतो. दांडा बसवल्यावर त्यावर स्वतःचा पूर्ण भार टाकून पाहा, मगच आईला वापरू द्या.

मळ्यातला जिना

नळांविषयी एक सूचना. पितळेचे नळ मला फार आवडतात, पण मुलामा दिलेले घेऊ नका, खाऱ्या हवेत त्यांचा मुलामा सुटतो. अस्सल पितळेचे घ्या आणि ते काळवंडतात हे मान्य करा. महिन्यातून एकदा बिंबलांनी किंवा चिंचेने घासले की उजळतात. स्टीलचे दांडे घेताना 316 प्रतीचे मागा, 304 वर किनाऱ्याच्या हवेत चहाच्या रंगाचे ठिपके येतात. बोरी आमच्याइतकी समुद्राजवळ नाही, तरी जुआरी नदी जवळच आहे.

परसातली विहीर

दोन महिन्यांनी लिहीत आहे. काम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संपले आणि आपल्यापैकी प्रत्येकाचे काही ना काही त्या न्हाणीघरात आले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पाण्याच्या चाचणीच्या दिवशी मी पाण्याच्या काठाशी भिंतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढली होती. गवंड्याला 24 तास पुरेसे वाटत होते, मी 48 तास थांबवले. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेपासून करंगळीभर खाली गेलेले दिसले. लेप ट्रॅपच्या गळ्याशी नीट चढलेला नव्हता. तो भाग पुन्हा करून पुन्हा पाणी भरले, तेव्हा रेघ आणि पाणी दोन दिवस जवळजवळ एकाच जागी राहिले. नळजोडणी यांनी तो परिच्छेद लिहिला नसता तर ती गळती लाद्यांखाली कायमची झाकली गेली असती.

लाद्या सहा बाय सहा बसल्या. नऊ फुले पूर्ण आली आणि कमोड टांगलेला असल्यामुळे दारातून ती सगळी दिसतात. कमोडची उंची आईच्या गुडघ्यांना सोयीची म्हणून 18 इंच ठेवली. शिल्लक दहा लाद्या कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या आहेत. एक लादी बसवताना कोपऱ्यात टवका गेला, ती फळीच्या सावलीत येईल अशी बसवली. भिंतीचा वरचा भाग चुन्याचा आहे. शिंपल्यांचे जनेल झरोक्याला लागले, त्यातल्या तीन पट्ट्या मेस्ताने नव्या केल्या.

भाणाचा प्रश्न आईने सोडवला. तिला शॉवर नको होता, आयुष्यभर तिने तांब्याने अंगावर पाणी घेतले आहे. ती म्हणाली की भाण पूर्वी चुलीवर होते, आता नळाखाली ठेव. आंघोळीच्या भागात वीतभर उंचीचा ओटा बांधून त्यावर भाण ठेवले आहे. पितळी मिक्सर नळाचे गरम-थंड पाणी त्यात पडते, आई शेजारी लाकडी चौरंगावर बसून तांब्याने आंघोळ करते, आणि उरलेले पाणी भाण कडेवर कलंडवून तिथेच सोडून देते. फक्त चूल गेली आहे.

शिरोड्याची वाट

चौरंगाच्या पायांना खालून रबराच्या टोप्या लावल्या आहेत का?

परसातली विहीर

नव्हत्या. आज फोंड्याहून आणल्या आणि चारही पायांना लावल्या.